कुजबुजबाईचं एकच वाक्य

माझी मावशी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोलली, आणि तीही हळू आवाजात. नाटक सुरू असताना विंगेत बसायचं, नट अडखळला की त्याला पुढचे दोन शब्द पुरवायचे, हे तिचं काम. थिएटरात लहानथोर सगळे तिला कुजबुजबाई म्हणायचे. स्वतःचं असं वाक्य तिनं उभ्या आयुष्यात एकदाच रचलं. आणि नेमकं तेवढंच तिच्या जिवलग मैत्रिणीनं उचललं, भर रंगमंचावर मांडलं आणि वर फुलांचे गुच्छ घेतले. आता मावशी नाही, माझी आईही नाही. कुणाचं बिंग फुटायचं राहिलेलं नाही, म्हणून बोलते. माझी जीभ जरा तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कुरकुर नको.

लोकांना वाटतं, प्रॉम्प्टिंगमध्ये काय एवढं, कागद धरायचे आणि वाचायचं. करून बघा म्हणावं! नट गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नसतं. कधी तो मुद्दाम थांबलेला असतो, आणि तिथं तुम्ही शब्द फेकलात तर त्याच्या मेहनतीची माती होते, मध्यंतरात तुमच्या नावानं शंख होतो ते वेगळंच. उलट तो खरंच विसरला असेल आणि तुम्ही थांबलात, तर बिचारा उभ्या उभ्या घामाघूम. मावशी म्हणायची, "तोंडाकडे बघायचंच नाही. हातांकडे बघायचं. विसरलेल्या माणसाचे हात काहीतरी शोधायला लागतात." लाल कागद लावलेली छोटी बॅटरी, एक बुटकं स्टूल आणि मांडीवर संहिता, एवढाच तिचा संसार. आणि एकच नियम. पदरचा शब्द घालायचा नाही.

ही सवय तिच्या घरीही पिच्छा सोडायची नाही. समोरचा बोलता बोलता थांबला की हिनं पुढचा शब्द पुरवलाच म्हणून समजा. एकदा आईला डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर विचारतात, "कुठं दुखतंय?" आणि मावशी शेजारून हळूच, "पाठीत, डाव्या बाजूला." आई खेकसली, "अगं पोट दुखतंय माझं! तू माझ्या पोटाचंही प्रॉम्प्टिंग करतेस का?" डॉक्टर हसून हसून बेजार. पण हिला स्वतःला काही विचारा, साधं "तुला काय वाटतं" असं विचारा, की ही गप्प. विचार करायची, इकडे तिकडे बघायची, मग म्हणायची, "मला काय, तुम्ही म्हणाल ते." मला चीड यायची. मी म्हणायचे, "मावशी, तुझं वाक्य कुणी लिहून द्यायचंय का?" ती हसायची.

आता आमच्या घरातल्या त्या दाराचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

आई नवऱ्याचं घर सोडून निघाली तेव्हा मी कडेवर होते. का सोडलं, ते इथं नको. बायकोवर हात उगारणाऱ्या माणसासाठी मला शाई खर्चायची नाही. आई सरळ माहेरी आली. आजीनं दार उघडलं, कडेवरची मी बघितली, पायाशी ठेवलेली बॅग बघितली आणि म्हणाली, "आलीस तशी परत जा. तुझ्या पाठीवर धाकटी आहे अजून लग्नाची." आणि तोंडावर दार लावून घेतलं. आई दार बडवत राहिली. शेजारची दारं उघडली, माणसं बघायला लागली, तेव्हा मला घेऊन जिना उतरली. त्यानंतर आईनं एका लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं, एक खोली भाड्यानं घेतली आणि मला वाढवलं. आजी असेपर्यंत माहेरचा जिना ती पुन्हा चढली नाही.

मावशी म्हणजे ती धाकटी. त्या वेळी ती घरात नव्हती, तालमीला गेली होती. तसं तीच नेहमी सांगायची, आणि दर वेळी डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "ताई, मी असते तर आईला दार लावू दिलं असतं का गं?" मग आईच तिची समजूत काढायची. लग्न वगैरे मावशीचं झालंच नाही, ज्याच्यासाठी दार लागलं ते राहूनच गेलं. ती आजीजवळ राहिली, आणि चोरून आमच्याकडे येत राहिली. येताना माझ्यासाठी रंगीत पेन्सिली, आईसाठी हातापायाला लावायचं मलम. आईचा साऱ्या जगावर राग होता, पण धाकटीवर तिचा जीव होता.

वर्षामागून वर्षं गेली. आई आणि आजी दोघी हट्टी, कुणी माघार घ्यायला तयार नाही. आजीनं अंथरूण धरलं तेव्हा आई म्हणाली, "बोलावलं तर जाईन." आजीनं बोलावलं नाही. आणि एका सकाळी आजी गेली. आई तिथं पोचली ती सगळं आटोपल्यावर. दारातच मावशीनं तिला मिठी मारली आणि कानाशी बोलली, "ताई, आई शेवटी शुद्धीवर होती. म्हणाली, थोरलीला सांग, दार मी लावलं, पण कडी घातली नव्हती."

माझी आई तिथंच उंबऱ्यावर बसली आणि हंबरडा फोडून रडली. मी तिला तसं रडताना तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

त्या एका वाक्यानं आमचं घर बदललं, यात काडीचीही अतिशयोक्ती नाही. आजीचं नाव काढायची सोय नव्हती, तिथं आजीच्या गोष्टी सुरू झाल्या. आजी कशी गायची, कशी नकला करायची, आईला पोहायला कसं शिकवलं. लाँड्रीतल्या बायकांना, शेजारणीला, माझ्या शाळेतल्या बाईंना, सगळ्यांना आईनं ते वाक्य सांगितलं. "कडी घातली नव्हती बरं का तिनं." इस्त्री फिरवता फिरवता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "एकदा नुसतं ढकलायला हवं होतं गं मी." तिला झोप लागायला लागली. माणसात आली. मी म्हणेन, ती त्या वाक्यावर जगली.

आता दुसरीकडे वळते. तिचं नाव घेत नाही. घेतलं तर तिला तेवढीच प्रसिद्धी मिळायची. आपण तिला लेखिकाबाई म्हणू.

लेखिकाबाई आधी नटी होती, म्हणजे स्वतःला म्हणवून घ्यायची. पाठांतराच्या नावानं शून्य. चार वाक्यांची भूमिका, त्यातली तीन मावशीची. पहिल्या प्रयोगापासून मावशीनं तिला तारलं. दोघींची गट्टी जमली. तालमीला दोघी एका डब्यात जेवायच्या, एकीला ताप आला की दुसरी उशाशी. पुढे नटीपण जमेना म्हणून बाई लिहायला लागली आणि ते मात्र जमलं, खोटं कशाला बोलू. बायकांची नाती, बायकांची गुपितं, कुणी काय विसरलं, कुणी काय निवडलं. तिची नवी नाटकं आली की वर्तमानपत्रं लिहायची, "स्त्रीमनाचा तळ गाठणारी लेखणी." तळ गाठला, खरंय. पण कुणाच्या पोटातला?

झालं असं होतं. लेखिकाबाईची आई वारली, तीही अबोल्यातच. एका दुपारी तालमीच्या वेळी वीज गेली, सगळे बाहेर पांगले, आणि कपडेपटाच्या खोलीत बाई मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. "जाताना एक शब्द नाही बोलली गं माझ्याशी. तुझ्या ताईचं नशीब तरी बघ." मावशीला ते रडणं बघवेना. तिच्या पोटात इतकी वर्षं जे दडलं होतं ते तिनं मैत्रिणीला शांत करायला बाहेर काढलं. "राणी, नशीब कसलं! माझी आईही काही बोलली नव्हती. पाणी मागितलं आणि गेली. ते वाक्य मी रचलं. ताईला काहीतरी द्यायला हवं होतं ना गं." आपलं एकमेव गुपित तिनं दुसरीचे डोळे पुसायला रुमालासारखं पुढे केलं. लेखिकाबाईनं डोळे पुसले. रुमाल मात्र परत दिला नाही.

पुढच्याच वर्षी नवीन नाटकाचं वाचन ठरलं. तालमीच्या हॉलमध्ये सगळे सतरंजीवर बसलेले, मावशी भिंतीला टेकून पेन्सिल घेऊन, कुठे थांबायचं त्याच्या खुणा करत. दोन बहिणी. एक दार. आईचं मरण. मग धाकटी बहीण थोरलीला फोन लावते आणि स्वतः रचलेलं वाक्य आईचं म्हणून सांगते. आणि लेखिकाबाईनं आवाज हळवा करून वाचलं, "थोरलीला सांग, दार मी लावलं, पण कडी घातली नव्हती." हॉलमध्ये चिडीचूप. मग टाळ्या. एक नटी तर रडली. लेखिकाबाईनं मावशीकडे बघितलं आणि अशी हसली, जसं काही तिनं हिच्यासाठी भेटच आणली होती.

मावशी दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आली. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. गिऱ्हाईक होतं, म्हणून ती काउंटरवर उगाच फ्रेमा लावून बघत राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "या वेळी पहिल्या प्रयोगाला ताईला आणू नकोस."

"का? ती एकही पहिला प्रयोग चुकवत नाही. तिनं आतापासून कपडे बाहेर काढून ठेवलेत."

"तिला सांग, तिकिटं संपली."

"मावशी, तुला दर वेळी दुसऱ्या रांगेचे पास मिळतात. काय झालंय?"

तिनं डोळ्यांवर चढवलेली फ्रेम तशीच ठेवली आणि सगळं सांगितलं. बिनकाचांच्या फ्रेममधून पाणी सरळ गालावर.

मला आधी काही कळेचना. मग कळलं आणि पायाखालची जमीन सरकली. ज्या वाक्यावर माझी आई सावरली, जे मी लहानपणी निबंधात लिहिलं होतं, ते मुळात कुणी बोललंच नव्हतं! क्षणभर मला मावशीचाच राग आला. मग तिची ती अवस्था बघितली आणि सगळा राग वळला त्या दुसरीकडे. अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "चल. आत्ता चल तिच्याकडे." मालकाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं ते.

लेखिकाबाईचं घर म्हणजे भिंतभर पुस्तकं आणि खिडकीत झाडं. आम्हाला कॉफी दिली. मी कपाला हात लावला नाही.

"अगं, पण कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली.

"माझ्या आईला," मी म्हटलं. "तिला ते तोंडपाठ आहे."

"मी कुणाचं नाव घेतलंय का? दार काय, प्रत्येक घराला असतं. आणि तू लहान आहेस, तुला नाही समजायचं. एका बाईनं दुसरीसाठी केलेलं हे किती मोठं काम आहे! ते अंधारात का राहावं?"

"मोठं वाटतं ना, मग स्वतःच्या आईवर लिहा की. माझ्या मावशीच्या पोटात हात कशाला घालता?"

मावशीनं माझा हात दाबला. ती खुर्चीवरून उठून लेखिकाबाईच्या पायाशी जमिनीवर बसली. "राणी, बाकी सगळं राहू दे. तुझं नाटक आहे, चांगलं आहे. तेवढं एक वाक्य बदल. ताईनं ते ऐकलं तर तिची आई पुन्हा एकदा मरेल, आणि मीही तिच्या मनातून मरेन. मला दुसरं कुणी नाही गं."

"तेवढंच तर मला जन्मात सुचलं नसतं," लेखिकाबाई म्हणाली. खिडकीकडे बघत राहिली. मग सुस्कारा सोडून म्हणाली, "बरं बाई. तुझ्यासाठी." आणि आमच्यासमोर नवीन वाक्य सांगितलं. थोरलीला सांग, मी रोज तिची वाट पाहिली. गुळगुळीत, कुणाच्याही आईच्या तोंडी शोभेल असं. मावशीनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिच्यासारखी मैत्रीण शोधून सापडणार नाही, असं जिना उतरताना मला म्हणाली.

पुढच्या सगळ्या तालमी नव्या वाक्यानं झाल्या. मावशी रोज फोन करून सांगायची, "आजही तेच बोलली." शेवटी तीच म्हणाली, "आण ताईला. ती आली नाही तर मला करमायचं नाही."

रविवारी दुपारचा प्रयोग होता. आई ठेवणीतले कपडे घालून माझ्या शेजारी, दुसऱ्या रांगेत. आत जाण्याआधी मावशी आम्हाला बाजूच्या वाटेत भेटली, आईची कॉलर नीट केली, माझ्या गालाला चिमटा काढला. चेहरा कसा स्वच्छ! तिला काय माहीत, रंगपटात काय घडलं होतं ते. आम्हाला ते मागाहून कळलं, धाकटीचं काम करणाऱ्या नटीनंच येऊन रडत सांगितलं. प्रयोगाच्या जरा आधी लेखिकाबाई तिच्याकडे गेली होती आणि म्हणाली होती, "आधीचंच वाक्य घे. त्यात जीव आहे. कुजबुजबाईला मी सांगते." सांगितलं नाही. नटाच्या तोंडातला शब्द आणि प्रॉम्प्टरच्या कागदावरचा शब्द एकच हवा, ही या धंद्यातली पहिली गोष्ट. चहावाल्यालाही ती माहीत असते. हिला माहीत नव्हती म्हणता? केसानं गळा कापला, दुसरं काय.

पडदा उघडला. पहिल्याच प्रवेशात ते दार. थोरली बाहेर, कडेवर बाहुली. आतल्या बाजूला म्हातारी आई दाराला पाठ लावून उभी, आणि तिच्यामागे धाकटी, दोन्ही हात तोंडावर दाबून. बाहेरून दार बडवलं जातंय. माझ्या आईनं माझ्याकडे वाकून म्हटलं, "अगं, हे आपल्यासारखंच आहे." मी म्हटलं, "नाटकं सगळी अशीच असतात." आई एकटक बघत राहिली.

मध्यंतरानंतर म्हातारी गेली. "पाणी," म्हणाली आणि गेली. मग धाकटी एकटीच रंगमंचावर, स्वतःशी बोलत, ताईला आता काय सांगू, रिकाम्या हातानं कशी जाऊ. मी मनाला सांगत होते, वाक्य बदललंय, वाक्य बदललंय. नटीनं फोन उचलला. "ताई, आई शेवटी शुद्धीवर होती. ती म्हणाली, थोरलीला सांग..."

आणि थांबली.

सगळ्यांना वाटलं, काय सुंदर थांबलीय! मी तिच्या हातांकडे बघितलं. फोनची वायर बोटांनी चाचपत होती. सगळ्या तालमींचं वाक्य एक आणि आत्ताचं एक, दोन्ही तिच्या डोक्यात एकमेकांना अडवून बसली होती. विंगेतून मावशीचा आवाज आला. "मी रोज..." नटी गप्पच. पुन्हा, जरा मोठ्यानं, "मी रोज तिची वाट..." तो आवाज पहिल्या दोन रांगांना तरी नक्की ऐकू गेला. मावशीनं आजवर दोनपेक्षा जास्त शब्द कधी दिले नव्हते. "मी रोज तिची वाट पाहिली, बोल, बोल ना गं!"

नटीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. हे नाही, ते दुसरं! चुकीचा शब्द कानावर पडला आणि त्यानंच तिला बरोबरचा आठवला. खणखणीत आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं ती बोलली, "दार मी लावलं, पण कडी घातली नव्हती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्या आईचे ओठ त्या वाक्याबरोबर हलले, सवयीनं. मग ते थांबले. ती रंगमंचाकडे बघत नव्हतीच, विंगेतल्या अंधाराकडे बघत होती. "धाकटीचा आवाज होता ना तो?" तिनं विचारलं. मी तिचा हात हातात घेतला तर बर्फ. पुढचं नाटक आम्ही दोघींनी बघितलं नाही, फक्त बसून राहिलो.

पडदा पडल्यावर मला वाटलं, ही आता सरळ घरी जाईल. पण ती उठली आणि आत निघाली. मी मागे. मावशी स्टुलावरच बसली होती. बॅटरी तशीच चालू. आईला बघून उठायचाही धीर तिला झाला नाही. तोंडातून फक्त "ताई" एवढं निघालं, आणि पुढचा शब्द पुरवायला कुणी नव्हतं.

आई तिच्यासमोर उभी राहिली. आणि हसली.

"अगं वेडे," ती म्हणाली, "एवढं काय? मला तेव्हाच कळलं होतं. आपली आई आणि माफी? तिला साधं 'चुकलं' म्हणता येत नव्हतं, ती मरताना कड्या-कोयंडे मोजत बसेल होय? तू सांगितलंस, म्हणून मी ठेवून घेतलं. तुझं होतं, म्हणून ठेवून घेतलं."

"खरंच ताई? तुला माहीत होतं?"

"मग काय! सगळं माहीत होतं मला."

मावशीनं आईच्या कमरेला मिठी मारली आणि तिच्या पोटात तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती. मीही रडले. वाटलं, सुटलो बाई एकदाच्या!

इतक्यात लेखिकाबाई आली, हातात मावत नव्हते एवढे गुच्छ घेऊन. "ताई, कसं वाटलं?"

"चांगलं लिहिता तुम्ही," आई म्हणाली.

मी काही आईइतकी थोर नाही. म्हटलं, "वाक्य बदलायचं ठरलं होतं."

"बदललं असतं तर नाटक मेलं असतं गं," ती म्हणाली. "पाहिलंस ना लोकांचं? आणि तुझ्या आईला तर माहीतच होतं. मग कुणाचं काय बिघडलं?" मावशीनं मान वर केली आणि मैत्रिणीकडे बघितलं. त्या नाटकाला ती पुन्हा विंगेत बसली नाही, त्या बाईच्या कुठल्याच नाटकाला नाही. पण माझी शपथ, तेव्हा तिच्या तोंडून दोन शिव्या निघाल्या असत्या तर मी तिला खांद्यावर घेऊन नाचले असते.

घरी जायला बस मिळाली. उन्हं अजून होती, बस निम्मी रिकामी. आई खिडकीशी बसली. बराच वेळ दुकानांच्या पाट्या वाचत होती, ओठ हलवत. मी म्हटलं, "आई, किती गं पोटात ठेवलंस! मला कधी बोलली नाहीस. खरंच तेव्हाच कळलं होतं?"

"नाही," आई म्हणाली.

मी तिच्याकडे वळून बसले.

"आज कळलं. तुझ्याबरोबरच. पण तिचं तोंड बघितलंस ना? आणखी काय बोलणार होते मी?" तिनं पर्स मांडीवर नीट ठेवली. "खोटं बोलली त्याचं काही नाही. माझ्यासाठीच बोलली. त्या बाईला सांगितलं आणि मला नाही, ते लागलं. पण तेही जाऊ दे."

बस सिग्नलला थांबली, सुटली.

"त्या पहिल्या प्रवेशात," आई म्हणाली, "धाकटी दाराच्या आत उभी होती. आईच्या मागे."

"ते त्या बाईनं घातलं असेल गं पदरचं. मावशी तर तालमीला गेली होती ना."

"हो. तसंच सांगते ती." आई जरा वेळ थांबली. मला पुढचा शब्द पुरवता येत नव्हता. "मी त्या दिवशी आईला हाक मारलीच नव्हती. आई उघडायची नाही, हे मला ठाऊक होतं. मी धाकटीला हाका मारत होते. म्हटलं, ती असेल तर उघडेल."

तोंडात आलं ते बोलले, "मी विचारते मावशीला. उद्याच विचारते."

"नको," आई म्हणाली. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं होतं, पण आवाज साधाच होता, भाजी काय करू असं विचारावं तसा. "आता कसं विचारणार? मला सगळं माहीत होतं, असं सांगून आलेय मी तिला."